इंग्रजीचे ओठ

बेळगाव, जुलै १९७८

आक्का,

शाळेत तू शेजारी बसून मास्तरांचं बोलणं मला नुसत्या ओठांनी पुन्हा सांगायचीस. तू सासरी गेलीस, तेव्हा बहिऱ्या पोरीचं कॉलेजात कसं व्हायचं म्हणून आई लई रडली.

इथले सर इंग्रजीत शिकवतात. इंग्रजी बोलताना ओठ कसे हलतात, बघितलंयस का गं? सर सुपारी चघळतात असंच वाटतं! मागं वळून बघितलं, तर सगळा वर्ग माझ्यासारखाच त्यांच्या तोंडाकडं बघत बसलेला. तेवढ्यात शेजारच्या जयानं मला कोपरानं ढोसलं. मी बहिरी हाय, हे तिला अजून ठाऊक न्हाय.

"सर काय म्हणाले गं?"

आजवर हे मीच तुला विचारत आले.

तुझ्यावाचून चाललंय, हे वाचून तुला बरं वाटंल का रडू येईल, कळंना. म्हणून हे धाडत न्हाय.

तुझीच,
अंजना