हातचा गुण

भिवंडी,
९ डिसेंबर १९७४

चि. सुमतीस,

तुझं पत्र पोचलं. ह्यांचा खोकला गेला, मुलं मजेत आहेत. आईचं पुढे लिहिते.

कुड्याच्या सालीची तुमच्या पुण्याच्या कॉलेजातली चाचणी यशस्वी झाली, आवेच्या रोग्यांना उतार पडला, मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तुझं कौतुक केलं, हे वाचून आनंद झाला. खोटं कशाला लिहू, नाही झाला. नुसता जळफळाट झाला माझा.

शेलार गावचा चिंधू रानातून साल आणून टाकायचा. ती निवडायची मी, वाळवायची मी, कुटायची मी. पण काढा चुलीवर चढवायची वेळ आली की आई मला ओसरीवर पिटाळायची. आणि सुट्टीत चार दिवस आलेल्या तुला जवळ बसवून तिनं सगळं सांगितलं! दुसऱ्याला सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण जातो, ही तिची श्रद्धा. तेव्हापासून तिनं कुणालाच काढा दिला नाही. नारपोलीचे लूमवाले अजून दारात येतात, "अम्मा, पेट की दवा दो," म्हणतात. मीच त्यांना परत पाठवते.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "डॉक्टरांना सांगून बसली? मग तिचाही हात रिकामा झाला." काय बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी मी शिरा केला.

आता लिहायलाच हवं. आईला आव लागली आहे. रक्त पडतं, उठवत नाही. इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या जिभेखाली धरते आणि माझी पाठ वळली की थुंकते. तू पाठवलेल्या कुड्याच्या पुडीला तर हात लावत नाही. काल मी तिच्या पाया पडले, म्हटलं, मला सांग, मी करते काढा. तर म्हणते, "मला एकदाच सांगता येतं, ते सांगून झालं. सुमीनं नेम मोडलाच आहे, तर आणखी एकीला सांगू दे. तुझ्या हातचा घेईन."

म्हणजे मला मिळायचं ते तुझ्याकडून! जिच्या वेण्या मी घातल्या, तिच्याकडून. अजून घशाखाली उतरत नाही माझ्या.

प्रमाण पत्रात लिहू नकोस, ती मानणार नाही. तिच्यासमोर बसून मला सांग. तार करणार होते, पण तारेत हे मावलं नसतं. पत्र मिळताच नीघ.

पत्राच्या शेवटी मोठीनं आशीर्वाद लिहायचा. मागणारीनं काय लिहायचं, मला ठाऊक नाही. ये, सुमे.

तुझी
अनसूया