आठ हजार युनिट आणि गौरीचं पाकीट

पीण्या, बेंगळूरु
३१ ऑगस्ट २०२५

चि. गिरीधर यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. जयनगरात तू, वाणी सगळे खुशाल असालच. वाणीच्या पाठीचं दुखणं कमी झालं का ते कळव.

गौरीचं पाकीट पोचलं. उशिरा पोचलं, कारण तू ते चामराजपेटच्या पत्त्यावर पाठवलंस आणि आम्ही एप्रिलपासून तिथे राहत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यल्लाप्पानं ते ठेवून घेतलं आणि परवा दोन बस बदलून इथे आणून दिलं. वरचा पत्ता वाचून तू दचकला असशील. पाच महिन्यांत एकदा फोन केला असतास तर दचकावं लागलं नसतं.

इथे दिव्यश्रीकडे आहोत. लेक आणि जावई जिवापाड करतात, तक्रार नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि खाली लेथचं वर्कशॉप, त्यामुळे दिवसभर फरशी थरथरत असते. माझं शिलाई मशीन जिन्याच्या तोंडाशी ठेवलंय. तुझ्या भावोजींचे गुडघे तुला माहीत आहेत. एप्रिलमध्ये दोघांनी धरून त्यांना वर चढवलं, त्यानंतर ते खाली उतरलेले नाहीत. चामराजपेटात रोज सकाळी देवळात जाऊन येणारा माणूस आता खिडकीशी बसून असतो.

हे का झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

जानेवारीत मालकानं इमारत विकली, आमच्या लीजचे, म्हणजे भाड्याऐवजी त्याच्याकडे ठेवलेले, आठ लाख परत दिले आणि मार्चअखेर घर सोडा म्हणाला. पुढच्याच गल्लीत तळमजल्याचं घर बोलून ठेवलं होतं, एप्रिलपासून, तेही आठ लाखांच्या लीजवर. महिन्याचं भाडं नाही, पायऱ्या नाहीत. मधल्या तीन महिन्यांसाठी पैसे बँकेत पडू दे म्हणत होते मी. तू धावत आलास. "अक्का, बँकेत काय मिळतं? पुढं सगळी कामं एआयच करणार. त्या कंपन्यांचे मालक आपण का होऊ नये?" मी म्हटलं, कुठलं एआय माझ्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज बेतणार ते तरी कळू दे. तू हसलास आणि खातं उघडून दिलंस. मला ई-मेल नाही म्हणून स्वतःचा घातलास.

तू घ्यायला सांगितलेला ईटीएफ म्हणजे काय हे मी माझ्यापुरतं समजून घेतलं होतं. कटपीसचा बांधलेला गठ्ठा. आत परदेशातल्या चाळीस एआय कंपन्यांचे तुकडे, आणि गठ्ठा शेअरबाजारात विकायला. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा पुण्याचा शुभंकर त्याच आठवड्यात मोबाईल घेऊन खाली आला होता. "काकू, प्लीज प्रीमियम बघा. फंडाची परदेशात पैसे पाठवायची लिमिट संपलीय, नवे युनिट निघत नाहीत, म्हणून लोक आपसात चढ्या भावानं घेतायत. आत एक्याऐंशी रुपयांचा माल आहे आणि तुम्ही नव्व्याण्णव देणार."

मी त्याला काय म्हटलं माहीत आहे? माझा भाऊ तीस वर्षं बँकेत होता, तुझं वय किती? पोरगं वर निघून गेलं. त्याला बोललेला तो शब्द मला अजून टोचतो.

हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू हसण्यावारी नेलंस. मग म्हणालास, "त्याला काय कळतं, अक्का. उद्या अकराला मी फोन करतो, सांगीन तेव्हाच बटण दाब." दुसऱ्या दिवशी फोन चालू ठेवून तू आकडा घालायला लावलास, आठ हजार युनिट, नव्व्याण्णव रुपये. "स्वल्प थांब. हां, आता. आलं?" मी म्हटलं, आलं. तेव्हा तू मोठा सुस्कारा सोडलास. मला वाटलं, बहिणीचं भलं झालं म्हणून याला बरं वाटलं. त्या दिवशी मी तुझी दृष्टच काढायची बाकी ठेवली होती.

पुढे बाजार थोडा पडला आणि वरचा चढा भाव पार विरघळून गेला. मार्चमध्ये घराचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा शहात्तर रुपये मिळाले. जवळपास दोन लाख कमी. घरमालक आठ दिवस थांबला, मग दुसऱ्याला दिलं त्यानं घर. मी विकल्याचा कागद तुझ्याच ई-मेलवर आला असणार. तरी तुझा फोन नाही.

इथपर्यंत मी नशिबाला बोल लावत होते. जुलैत इन्कमटॅक्ससाठी कागद हवे होते. तू जानेवारीत मला खात्याचा लिहून दिलेला पासवर्डच तुझ्या ई-मेललाही चालला, आईचं नाव. दिव्यश्रीनं ई-मेल उघडला. खरेदीच्या दिवशीचे दोन कागद एकाखाली एक होते. माझा, खरेदी, आठ हजार युनिट, नव्व्याण्णव रुपये, अकरा वाजून सात मिनिटं. तुझा, विक्री, आठ हजार युनिट, नव्व्याण्णव रुपये, अकरा वाजून सात मिनिटं. दिव्यश्रीनं दोन्ही कागदांवरच्या वेळा बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिल्या. मग म्हणाली, "अम्मा, हे मामाचेच युनिट. या भावाला सगळे घेणारं गिऱ्हाईक त्याला मिळत नव्हतं."

गिरीधर, शुभंकरचं म्हणणं तुला माझ्या आधीपासून माहीत होतं. तू घाबरला होतास, हे मी समजू शकते. माझ्यासमोर बसून "अक्का, मी अडकलोय" म्हणाला असतास तर मी बांगड्या विकून तुला दिलं असतं, आणि तू ते जाणतोस. तरीही तू माझं घर घेतलंस. मला तुझा राग येतो, आणि राग आला की रडू येतं, या वयात.

तुझ्या भावोजींना यातलं काही माहीत नाही. माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं असं मी त्यांना सांगितलंय. माहेरची लाज झाकायला दुसरं काय सुचणार? ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट परवा म्हणाले, गिरीधरला विचारून केलं असतंस तर ही वेळ आली नसती. मी मान हलवली आणि मशीनवर जाऊन बसले.

दरवर्षी गौरीच्या आदल्या दिवशी तू स्वतः बागिन घेऊन यायचास. सुपात खण, बांगड्या, हळदकुंकू आणि पाचशे एक रुपये. यंदा सूप नाही, तू नाहीस, आणि पाकिटात पाच हजार. पाचाचे पन्नास झाले असते तरी तू तोंड चुकवतोयस हेच मला कळलं असतं.

पाकीट तसंच या पत्रासोबत परत पाठवते आहे. बागिन मला हवं आहे, पण हातात दिलेलं. दोन जिने चढून ये, त्यांच्यासमोर बस आणि बटण कोणी कोणाकडून दाबून घेतलं ते तुझ्या तोंडानं सांग. मग मी कॉफी टाकीन.

तोवर खाली नेहमीसारखं "तुझी अक्का" लिहायला हात धजत नाही.

सौ. पुष्पावती नरसिंगराव