काळा डबा, चंदेरी डबा आणि तुमचे बंधू

कोल्हापूर,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप वन्संना,

मधुवंतीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे या खेपेला कागदावरच वाकले असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मागे दिलेलं तेल संपलं असेल तर कळवा, आणि संपलं नसेल तर तुम्ही ते लावत नाही हे मला कळलंच. पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी चिमणाबाई शेंगा सोलत बसलेल्या. मागच्या वेळी माझ्या पित्ताबद्दल चार शब्द बोलले, तर दोन दिवसांत निम्म्या कोडोलीतून आवळे आले. (आवळे चांगले होते.) आजचा विषय पित्ताहून नाजूक आहे, आणि तो तुमच्या भावाचा आहे.

साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ह्यांना गाणं ऐकायचा नाद लागलाय, हे तुम्हाला माहीत आहेच. नाद चांगलाच. पत्ते नाहीत, तंबाखू नाही, रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून जगाला शहाणं करणं नाही. आधी हेडफोन आले. मग इंटरनेटवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये कुणीतरी (तिथे कुणीतरी कायम असतंच) सांगितलं, की असला हेडफोन नुसत्या मोबाईलवर वाजवणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत हातपंपानं पाणी चढवणं. त्याला मोटर लागते. या मोटरला म्हणतात हेडफोन ॲम्प्लिफायर. ह्यांनी एकदम दोन मागवले, तुलना करायला. एक काळा, एक चंदेरी, दोन्ही आपल्या मिसळणाच्या डब्याएवढे. न आवडलेला डबा महिन्याच्या आत परत पाठवायचा अशी अट आहे. महिना खरं तर कालच भरला, पण ह्यांनी म्हणे कंपनीशी बोलून आठ दिवस वाढवून घेतले. म्हणजे येत्या सोमवारी दोघांतला एक डबा आपलं घर कायमचं सोडणार. हे चंदेरीच्या बाजूचे. मला विचाराल तर दोन्ही गेले तरी माझी हरकत नाही, पण एक ठेवायचाच म्हटला तर तो काळा.

आता तुलना कशी करावी? इतर गावांत लोक ऐकतात आणि ठरवतात. ह्यांनी तरुणपणी दोन वर्षं तालमीत काढलेली (माती अंगाला लागली तेवढीच, पण ती अजून धुऊन निघालेली नाही). त्यामुळे पहिल्या दिवशी दोन्ही डब्यांची वजनं झाली, माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर. काळा चोपन्न ग्रॅमनं भारी निघाला. कुस्ती निकाली, बरोबरीत सोडायची नाही, असं जाहीर झालं आणि पंच म्हणून मला नेमलं. कारण काय, तर "तुला ह्यातलं काय कळत न्हाई, म्हणजे तू कुणाच्या बाजूची नव्हंस." पस्तीस वर्षांच्या संसारात एवढ्या मानानं मला कुणी अडाणी म्हटलं नव्हतं. ह्यांनी एका वहीत अकरा पानं भरून काढली. बारावं पान भांडी घासायला येणाऱ्या बयाबाईंनी वाया घालवलं. ह्यांनी सहज म्हणून त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि एका बाईंची जुनी मैफल दोन्ही डब्यांतून ऐकवली. बयाबाईंनी ओले हात पदराला पुसत सांगितलं, "काळ्यात बाई म्होरं बसून गातीया. चंदेरीत तीच बाई माडीवर जाऊन गातीया. तुमास्नी कुठं बसवायची तिथं बसवा की!" आणि त्या कढई घासायला निघून गेल्या. अकरा पानांत हे एवढं स्पष्ट कुठेही लिहिलेलं नव्हतं, म्हणून हे दिवसभर घुश्शात होते.

मग चांदी आली. त्याच ग्रुपवर वाचलं की डब्यापासून हेडफोनपर्यंतची वायर चांदीची असेल तर बारीकसारीक आवाजही स्वच्छ ऐकू येतात. असली वायर परदेशातून यायची. हे म्हणाले, हुपरी हाकेवर असताना चांदी परदेशातून आणायची म्हणजे गावाची बेअब्रू आहे. एसटीनं हुपरीला गेले. तिथे तोहिदभाई म्हणून कारागीर आहेत, तीन पिढ्या पैंजणं करणारे. त्यांनी विचारलं, "तार वढून देतो की सायेब, रोजचंच काम हाय. पर कानाला? पायाची चांदी कानाला?" ह्यांनी त्यांना तासभर विज्ञान सांगितलं. त्या भल्या माणसानं ते चहा पाजून ऐकून घेतलं, आणि आठ दिवसांनी तांबड्या रेशमी गोफात गुंफलेली अशी देखणी वायर हातात दिली, की मला ती गळ्यात घालावीशी वाटली.

त्या दिवशी हे खुर्चीतून उठलेच. "मधू, ऐक! पैंजण! ही बाई पायात पैंजण घालून गायला बसली होती. चाळीस वर्षं हे रेकॉर्डिंग अधूनमधून रेडिओवर ऐकतोय, आणि आज कळलं!" समेवर ह्यांची मान हलली की छुन्न. पुन्हा सम, पुन्हा छुन्न. ग्रुपवर दोन पानी लेख गेला, चांदीमुळे गायिकेचे पायसुद्धा ऐकू येतात म्हणून. मग एका बुवांच्याही पायात पैंजण निघालं. हेही ह्यांनी पचवलं, पूर्वीच्या काळी असेल म्हणाले. चौथ्या दिवशी मात्र उसाच्या खोडव्याला खत कधी घालावं यावरचं एका मिशाळ कृषी अधिकाऱ्याचं भाषण ऐकत होते आणि पटलं म्हणून मान हलवली. छुन्न! ह्यांनी हेडफोन काढून ठेवला. तेवढ्यात तोहिदभाईंचा चौकशीचा फोन. "सायेब, दोन्हीबी अंगाचं वाजतंय न्हवं?" झालं होतं असं, की मुकी साखळी घराबाहेर द्यायची नाही अशी त्यांच्या अब्बांची शिस्त. साहेब नको म्हणतील म्हणून त्यांनी दोन बारीक घुंगरं गोफाच्या आत, कानापाशी, दिसणार नाहीत अशी बसवली होती. वर त्याचं काही घेतलंही नव्हतं. ह्यांनी ग्रुपवर अजून दुरुस्ती टाकलेली नाही. अकरा जणांनी तोहिदभाईंचा नंबर मागून घेतलाय आणि त्यांच्याकडे ऑर्डरी चालू आहेत.

पण वन्सं, हे सगळं चालण्यासारखं आहे. खरं दुखणं बटणांचं. प्रत्येक डब्याला आवाजाचं एक मोठं बटण असतं, मागं 'गेन' नावाचा खटका (तो वर केला की डब्याच्या अंगात येतं), आणि ट्रेबल नावाचं एक छोटं बटण, ते फिरवलं की बारीक टोकदार आवाज वाढतात. तुमच्या भावानं तीस वर्षं टर्बाइनशेजारी काढली. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत (माझे टोमणेही त्यातच गेले). म्हणून ते ट्रेबल शेवटापर्यंत पिळतात. मी तीस वर्षं सातवी 'ब' शिकवली. बाकं ओढल्याचे, खडू करकरल्याचे, मुलांनी एकमेकांना काढलेल्या चिमट्यांचे आवाज माझ्या कानांत अजून तसेच आहेत, त्यामुळे टोकदार काही आलं की मला ते टोचतंच. ह्यांच्या सेटिंगवर माझ्या कानात मोहरी तडतडते. माझ्या सेटिंगवर ह्यांना वाटतं बाई उशीखाली सापडली आहे. दोघांचेही कान आपापल्या जागी बरोबर आहेत, पण डबा एकच आणि बटण एकच.

पंच या नात्यानं, निव्वळ अभ्यास म्हणून, मी माझी जागा शोधून काढली. नऊ दुपारी लागल्या. खटका खाली, मोठं बटण घड्याळातल्या साडेनवावर, ट्रेबल मधल्या रेघेच्या दोन केस अलीकडे. आणि हे काळ्याच डब्यात. चंदेरी माझ्या कानाशी कुठेच जुळला नाही. त्या जागेवर तंबोऱ्याची तार सुटते आणि विरेपर्यंत ऐकू येते, कुठेही टोचत नाही. पण चार वाजता हे झोपून उठतात, काळ्या डब्याला पुन्हा एक संधी द्यायची म्हणून बटणं पिळतात, आणि दुसऱ्या दिवशी माझी जागा हरवलेली. सासूबाईंच्या हयातीत माझी मिठाची बरणी अशीच रोज जागा बदलायची. (रागावू नका, तुम्हीच मला तेव्हा दुसरी बरणी लपवून ठेवायला शिकवलंत.) त्यामुळे सध्या घरात दुपारी चार ते साडेचार वाद असतो.

परवा रविवारी निकाल लावायचा ठरला. दोन्ही डबे टॉवेलखाली, मधे एक खटका, तो इकडे केला की एक डबा आणि तिकडे केला की दुसरा. हे माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसले. त्याआधी मोबाईलवर मोजून दोन्हींचा आवाज अगदी सारखा केला, कारण रतीभर मोठा वाजणारा डबा नेहमी भारीच वाटतो, तिखट जरा जास्त पडलेल्या तांबड्या रश्श्यासारखा. मी "एक" म्हणायची, "दोन" म्हणायची आणि हे सांगायचे. एक कोरडा आहे, दोन भरदार आहे, एकात दम नाही, दोनमध्ये बाईंचा श्वास ऐकू येतो. चौदा फेऱ्या झाल्या. निकाल, दोन. मी टॉवेल उचलून दाखवलं की दोन म्हणजे काळा. ह्यांनी निकाल मान्य केला नाही. टॉवेल जाड होता म्हणाले. येत्या रविवारी पातळ टॉवेलवर फेरकुस्ती आहे.

तेव्हा वन्सं, तुम्ही मोठ्या. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. माणसानं पासष्टीला किती पिळावं आणि काय पिळावं, हे त्यांना चार शब्दांत समजावून सांगा. तब्येतीला जपा, तेल लावा, आणि पत्र चिमणाबाईंच्या हाती लागू देऊ नका.

तुमची,
मधुवंती

ता. क. समजावून नका सांगू, उपयोग होणार नाही. त्यापेक्षा त्यांना रविवारच्या आत कोडोलीला बोलावून घ्या आणि आठ दिवस ठेवून घ्या. माळ्यावरचं वायरिंग जुनं झालंय, ठिणग्या उडतात म्हणा, चप्पल न घालता निघतील. येताना चंदेरी डबा घेऊन ये, मला ऐकायचाय, असंही म्हणा. सोमवार तिकडेच उलटू दे.

ता. क. दुसरा. तुमच्यापासून काय लपवायचं? रविवारी मी तो खटका एकदाही हलवला नाही. चौदाच्या चौदा फेऱ्या काळाच वाजत होता. हलवला असता आणि चंदेरी जिंकला असता तर? मी मुलांच्या परीक्षेत असं कधी केलं नाही, देवाशपथ. पण तिथे माझं काही पणाला लागलेलं नसायचं.

ता. क. तिसरा. हसू नका वन्सं. या घरात माझे कान कायम दुसऱ्यांसाठी उघडे होते. कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, सासूबाईंची हाक, पोरांचा खोकला, "मधू, माझा चष्मा कुठाय". दुपारी तीन ते पावणेचार मी साडेनवावर बटण लावून बसते तेव्हा मला कुणी हाक मारलेली ऐकू येत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. फार सुख आहे हो त्यात. काळा डबा गेला तर मला खरंच वाईट वाटेल. पाकीट ह्यांच्याकडेच देते पोस्टात टाकायला. दुसऱ्याचं पत्र वाचायची त्यांना सवय नाही.

आक्का, त्र्यंबकचा नमस्कार. सवय न्हाई हे खरं, पर पाकीट जाड लागलं. ही समोरच बसली आहे, काळा डबा लावून, डोळे मिटून. मी मागनं दोनदा हाक मारली, ऐकली नाही, म्हणून निवांत वाचलं.

रविवारी खटका हलला नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. टर्बाइननं माझे बारीक आवाज नेले असतील, पण खटक्याचा टक् आवाज मी हेडफोन घालूनही ओळखतो. डोळे किलकिले केले तर समोरच्या कपाटाच्या काचेत ही दिसत होती. गंभीर तोंड करून "एक", "दोन" म्हणत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती. मग मीपण चौदा फेऱ्या तोंडाला येईल ते सांगत गेलो. तिला असं हसू आवरताना बघून किती वर्षं झाली, मला आठवत नाही.

कंपनीनं आठ दिवस वगैरे काही वाढवून दिलेले नाहीत, असलं काही ते देत नाहीत. मुदत काल संपली. मी संपू दिली. आता दोन्ही डबे घरातच राहणार. काळ्यावर साडेनवाच्या जागी पेन्सिलीनं बारीक रेघ मारून ठेवली आहे, इथून पुढं त्याला हात लावणार नाही.

तू वायरिंगचा फोन कर. मी घाबरल्यासारखं करतो आणि शनिवारच्या गाडीनं येतो. हिला मात्र यातलं काही सांगू नकोस. मला घरातनं हुसकून लावल्याचा आनंद तिला आठ दिवस तरी पुरा घेऊ दे.