फिल्टरला घातलेलं तेल

बाबा, मागच्या महिन्यात खामगावच्या एका गॅरेजात गाडीचं बोनेट उघडून उभी होते आणि तुमची आठवण आली, असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. आधी तुमचा राग आला. आठवण मागाहून आली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माणसाने गेलेल्या बापावर आता काय रागवायचं, पण आला खरा. सगळं नीट सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा चूक कोणाची ते.

आईच्या किडन्या गेल्या आहेत. दोन वर्षांपासून तिचं डायलिसिस सुरू आहे, मंगळवार आणि शुक्रवार, पहाटेची पाळी. आपल्या वरवट बकालहून अंधारातच निघावं लागतं, खामगावला साडेसहाच्या आत पोचलं तर मशीन मिळतं. चार तास ती तिथे पडून असते, मी बाहेर बाकड्यावर पोरांच्या वह्या तपासत बसते. मग तिला घरी आणून, जेवू घालून, मी शाळेत. मुख्याध्यापकांनी दुपारचे तास दिले आहेत, भले गृहस्थ आहेत. एक पाळी चुकली तर चालत नाही. पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, मग छातीत चढतं आणि तिला आडवं होता येत नाही. एसटीने तिला नेणं आता जमत नाही आणि त्या वेळेला जीपवाले मिळत नाहीत. म्हणून मी जुनी डिझेलची गाडी घेतली. गाडी चालली तर आई चालते, एवढंच आमचं गणित आहे.

स्वयंपाकघर तुम्ही आता ओळखणार नाही. भाजी चिरून उकळायची, ते पाणी फेकायचं, मग पुन्हा दुसऱ्या पाण्यात शिजवायची. मीठ डब्यात आहे पण माझ्यासाठीच. दिवसभराचं पाणी मी सकाळी एका बाटलीत भरून ठेवते, तेवढंच तिने प्यायचं. उन्हाळ्यात ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती मला शाळेतही दिसते. एकदा म्हणाली, "तुह्या बाबानं मले कधी भाकर मोजून नाही देल्ली, अन् तू पानी मोजून देऊन राह्यली." मी बाटलीचं झाकण लावलं.

तुमचा धाकटा पुण्यात आहे. पैसे पाठवतो, रोज फोन करतो, पण सुट्टी नाही. दिवाळीला आला तेव्हा त्याने आईचे सुजलेले पाय पाहिले. तिसऱ्या दिवशी सोबत आणलेल्या खोक्यातून एक वस्तू काढली. इंजिनात हवा जाते ना, तिथे कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा असतो आणि त्यात कागदाचा फिल्टर. तो डबाच काढून टाकायचा आणि त्याजागी जाड चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला उघडा, गाजराच्या आकाराचा फिल्टर बसवायचा. तो फिल्टर कापसाच्या जाळीचा असतो, त्याला तेल लावलेलं असतं, धुऊन पुन्हा वापरता येतो. इंजिनाला भरपूर हवा मिळते, गाडी चांगली ओढते, असं त्याने मला अंगणात उभं करून समजावलं. खामगावच्या कापसाच्या मुलखात कापसातून हवा गाळणारा फिल्टर पुण्याहून येतो याचं मला हसू आलं होतं. पण तो इतक्या मनापासून आवळत होता, हात काळे करून, की मी हसू आवरलं. आईसाठी त्याला त्याच्या हाताने काहीतरी करायचं होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं.

तो गेला आणि आठवड्यातच स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा लागला, छोट्या इंजिनाचं चित्र असलेला. मी त्याला फोनवर नको नको ते बोलले. खामगावच्या मेकॅनिकने यंत्र जोडून पाहिलं. नळीचा एक पट्टा सैल होता, मधूनच न मोजलेली हवा आत घुसत होती. त्याने पट्टा आवळला, यंत्राने दिवा घालवला, आणि म्हणाला, आता काही होत नाही. खरंच काही झालं नाही, जवळपास दीड महिना.

मग जानेवारी आला. रस्त्याचं काम चाललंय, धुळीने झाडं पांढरी झाली आहेत, त्यात कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे चाललेल्या आणि त्यांच्यातून उडणारे पुंजके. एका रविवारी मी बोनेट उघडलं तर फिल्टर पार मळलेला, मांजराच्या अंगासारखा केसाळ. धुता येतो हे मला माहीत होतं. साबणाच्या पाण्यात धुतला, गच्चीवर वाळवला. धाकट्याने एक छोटी बाटली ठेवली होती, फिल्टरच्या खास तेलाची, औषधाच्या बाटलीएवढी. ती बघून मला वाटलं, एवढ्याशाने काय होतं? आणि तिथे तुम्ही माझ्या पाठीशी येऊन उभे राहिलात.

तुम्हाला आठवतं का मला माहीत नाही. मी लग्न मोडून घरी आले होते त्या वर्षीची गोष्ट. गावात सगळे मला विचारत होते, तुम्ही एकटे काही विचारत नव्हता. पंधरा दिवस गेल्यावर तुम्ही ट्रॅक्टरची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, घरात बसून डोकं फिरीन. काका येऊन बोलून गेले, बाईमाणूस ट्रॅक्टरवर बरं दिसत नाही म्हणून. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि मला शेतात पाठवलंत. त्या किल्लीसारखं मला पुढे कोणी काही दिलं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

त्या ट्रॅक्टरच्या हवेच्या फिल्टरला खाली एक वाटी होती, तेलाची. हवा त्या तेलावरून जायची आणि धूळ तेलात बसायची. दर आठवड्याला वाटी काढायची, तळचा चिखल ओतायचा, नवं तेल भरायचं. एकदा मी काटकसर म्हणून खुणेपेक्षा कमी भरलं. तुम्ही वाटी हातात घेऊन माझ्यासमोर धरलीत. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नसायचात, म्हणून जास्त लागायचं. "फिल्टरच्या तेलात कंजुषी करशीन त इंजिन माती खाईन. अन् इंजिनले उलटी करता येत नाही, पोरी." मी मान खाली घालून उभी आहे, पायाखाली नांगरटीची ढेकळं आहेत, आणि तुम्ही स्वतः ओतता आहात, खुणेच्याही थोडं वर.

तर मी इंजिनचं तेल घेतलं आणि फिल्टर चांगला भिजवला. अगदी मायेने. निथळवला, बसवला, हात पुसले. फार दिवसांनी काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी शेगाव ओलांडल्यावर दिवा लागला. मी चालवत राहिले. मग गाडीची ताकदच गेली, पेडल दाबलं तरी ती आपली बैलगाडीच्या चालीने. मागून ट्रकवाले हॉर्न मारतात, एक ट्रॉली आम्हाला ओलांडून जाते, ट्रॉलीवर बसलेला माणूस वळून बघतो. आई मागच्या सीटवर उशीला टेकून बसली आहे. दर थोड्या वेळाने विचारते, आलं का वं. मी म्हणते, आलंच. पोचलो तेव्हा आमचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. दुपारपर्यंत थांबावं लागलं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि मी नर्सच्या हातापाया पडत होते, आणि त्याच वेळी डोक्यात धाकट्याला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. दुपारी मशीन मिळालं. ती वाचली. मी बाकड्यावरून फोन लावला आणि जुळवलेलं सगळं सुनावलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "मी निंघतो ताई." रात्रीच्या गाडीने बसून सकाळी आलाही.

गाडी ओढत गॅरेजात नेली होती. मेकॅनिकने नळीत बसवलेला एक सेन्सर काढला. आत जाणारी हवा मोजणारी त्यात बारीक तार असते. त्याने बोट फिरवून मला दाखवलं, बोट चिकट झालं. "ह्याच्यावर तेल बसलं. हवा किती येते हेच ह्याले समजून नाही राह्यलं, म्हनून गाडी उपाशी चालते. फिल्टरमंधी एवढं तेल कोनं ओतलं?" धाकटा माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, मी. आणि त्या क्षणी तुमचा राग आला, बाबा. इतकी वर्षं तुमचं सगळं उचलत आले. तुमची आई सांभाळली, मग माझी, तुमचं शेत, तुमची शिकवण, आणि तीही नेमकी या गाडीला चालत नव्हती. हिला थेंबभर पुरत होतं.

धाकटा मला बोलला नाही. बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. तो एकदम हसला आणि म्हणाला, बाबाची वाटी. त्यालाही आठवत होतं. मेकॅनिकने सांगितलं, सेन्सर धुऊन बघतो, नाही जमलं तर नवा अकोल्याहून मागवतो, आणि ताई, तो कंपनीचा डबा परत बसवा, तुमच्या धुळीच्या रस्त्याला तोच बरा. डबा गोठ्याच्या माळ्यावर सापडला. आईने त्यात कांद्याचं बी ठेवलं होतं.

धाकट्याने सुट्टी वाढवली. ओळखीच्याची गाडी ठरवली आणि मंगळवारी तोच आईला घेऊन गेला. घर एकदम रिकामं. मी खाटेवर टेकले ते शाळेच्या वेळेला जाग आली. कितीतरी दिवसांत अशी झोप लागली नव्हती, स्वप्न नाही, आईच्या श्वासावर कान नाही. उठले तेव्हा गालावर उशीची वळी उमटली होती. परत आल्यावर तो मागच्या दाराशी उभा राहून रडला, मी पाहिलं. आई दर खेपेला अशीच असते का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

आता गाडी ठीक आहे. जुना डबा, कागदी फिल्टर, नवा सेन्सर. दिवा किल्ली फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, तसंच असायला हवं. आज शुक्रवार, आम्ही जाऊन आलो. आई आत झोपली आहे. ती दिवसेंदिवस लहान होत चालली आहे, तिला गाडीत बसवताना आता मला दम लागत नाही.

हे पत्र कुठे टाकणार, तुमचा पत्ता कोणाकडे आहे. तरी एक लिहायचं राहिलं, आणि ते जिवंत माणसाला सांगता येण्यासारखं नाही. मेकॅनिकचा फोन त्याच आठवड्यात बुधवारीच आला होता, ताई, गाडी तयार आहे, घेऊन जा. मी धाकट्याला सांगितलं, अजून दोन-तीन दिवस लागतील म्हणतो. त्या शुक्रवारीही तोच आईला घेऊन गेला, आणि मी दार लावून झोपले. आई तुमच्याकडे आली की तिला हे सांगू नका.