कोणाची हरकत असल्यास

मिशनमळा, ता. शिरूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. कृपाआक्का हिस,
शमुवेलचा सा. सलाम. वि. वि.

परवा रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे चर्च उघडलं, झाडलं, घंटा दिली. भक्तीत पाळकसाहेबांनी खूण केल्यावर उठून सूचना वाचल्या. शेवटची सूचना लग्नाची होती. ख्रिस्तोफर यांची कन्या ब्लेसी आणि दौंडचे केल्विन यांचा विवाह बावीस तारखेला ठरला आहे, ही पहिली हाक, कोणाची हरकत असल्यास कळवावी. तुला रीत माहीत आहे. तीन रविवार हाक द्यायची आणि दर वेळी वाचणाऱ्याने थोडं थांबायचं. बाबा मनात दहा आकडे मोजायचे, मीही मोजतो. परवा मी सहालाच कागद मिटला.

ब्लेसीचा जन्म चौदा जून दोन हजार नऊचा. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तो माझ्याच अक्षरात आहे. ती दहावीला आहे. पहिला पेपर एकवीसला आणि लग्न बावीसला. ख्रिस्तोफरने कुठूनतरी आधारकार्डावर तीन वर्षं वाढवून आणली. पाळकसाहेब नवे आहेत, चार गावच्या मंडळ्या त्यांच्याकडे. त्यांनी कार्ड पाहिलं आणि सही केली. रजिस्टर त्यांनी मागितलं नाही, मीही दाखवलं नाही. पण बाकांवरची चाळीस माणसं काही नवी नव्हती. सगळे तिच्या बाप्तिस्म्याला जेवलेले. कोणी साधा घसासुद्धा खाकरला नाही.

ख्रिस्तोफरचंही मला कळतं. कारेगावला कंपनीत बारा तासांची शिफ्ट, बायको जाऊन तीन वर्षं झाली, घरात पोर एकटी. उजवून टाकली की आपण सुटलो असं त्याला वाटतं. पण हे स्थळ तू सुचवलंस, आक्का. केल्विन तुझ्या दिराचा मुलगा. तू शब्द टाकलास तर तीन वर्षं थांबतील. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो आहे.

एसटीत बाजरीचं पीठ दिलं आहे, उतरवून घ्या. दाजींच्या गुडघ्याचं कळव. माया आहेच, ती थोडी या पोरीकडेही वळव.

तुझा,
शमुवेल

दौंड
७ फेब्रुवारी २०२५

चि. शमुवेल यास,
आक्काचे अ. आ. व सलाम. वि. वि.

पीठ पोचलं. फार भरड आहे, गिरणीच्या दगडाला टाकी लावून घे. दाजींचा गुडघा होता तसाच आहे. जिना उतरताना मला शिव्या देतात, चढताना देवाचं नाव घेतात.

तुझं पत्र वाचून हसू आलं. एवढा मंडळीचा सेक्रेटरी झालास आणि लिहितोस पोलीसपाटलासारखं! अरे, आपली घरं किती? बोटांवर मोजावी एवढी. त्यात मुलगा कामाला जाणारा, दारू नाही, रविवार चुकवत नाही. सव्वीस म्हणजे काय म्हातारा झाला? पोरीला आई नाही. बाप दिवसभर कंपनीत. उद्या काही वेडंवाकडं झालं तर हेच चाळीस जण बोटं दाखवतील, तेव्हा तुझं रजिस्टर कामाला येणार आहे का? दहावी काय, बाहेरून बसता येतं. माझं लग्न झालं तेव्हा मी कोण मोठी होते? मेले का?

दिरांनी हॉल घेतला, पत्रिका वाटून झाल्या. मी आता थांबा म्हटलं तर मला काय म्हणतील? शिवाय तुझ्या इवाचं पुढच्या वर्षी बघायचं आहे. बापाने दुसऱ्याचं लग्न मोडलं असं झालं, तर तिला विचारायला कोण येईल? डोकं शांत ठेव आणि लग्नाला पांढरा शर्ट घाल, मागच्या वेळी तो चॉकलेटी घालून आला होतास.

सगळ्यांवर दया राहू दे, माझ्यावर जरा जास्त.

तुझी,
आक्का

मिशनमळा
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आक्का हिस,
सा. सलाम. वि. वि.

आज दुसरी हाक दिली. होय, मीच दिली. या वेळी दहापर्यंत मोजलं आणि खाली बसलो. म्हणजे तू जिंकलीस असं समजू नकोस. माझी जीभ उचलली नाही, एवढंच.

आठवडाभर मी माणसं शोधत होतो. एकट्याने बोलण्यापेक्षा दोघं-तिघं बोलले तर ख्रिस्तोफरलाही जड जाणार नाही, असं वाटलं. आधी सोजरबाईंकडे गेलो. मंडळीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी चहा दिला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, मी प्रार्थनेत ठेवते रे बाबा. आतापर्यंत त्यांनी प्रार्थनेत किती माणसं ठेवली असतील आणि तिथेच ठेवून दिली असतील, असा वाईट विचार माझ्या मनात आला. प्रभूने क्षमा करावी.

मग ब्लेसीच्या शाळेतल्या प्राची मॅडमना भेटलो. त्या म्हणाल्या, आम्ही हॉल तिकीट दिलं, पुढचं पालकांनी बघायचं, आणि माझं नाव कुठं घेऊ नका हं दादा. बबनराव पंचायतीत होते, बाबासाहेबांच्या जयंतीला मुलींच्या शिक्षणावर तासभर बोलतात. ते गिरणीवर दळण घेऊन आले तेव्हा विषय काढला. तर म्हणाले, शमुवेलराव, ह्यो तुमच्या समाजाचा मामला हाय, आमी बोललो तर त्याचं निराळंच व्हईल, तुमीच बघा की. आणि पीठ गरम आहे का ते हाताने पाहत राहिले.

कोणी मला वाईट बोललं नाही. उलट सगळे म्हणाले, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला वाटतं, एखाद्याने खोटं ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आज भक्ती सुटल्यावर ब्लेसी गाण्याची पुस्तकं गोळा करत होती. सगळे बाहेर गेले तेव्हा तिने मला विचारलं, मामा, ते जन्माचं रजिस्टर तुमच्याकडंच असतं ना? मी हो म्हणालो. तिने पुस्तकं कपाटात लावली, सरळ केली आणि गेली. आक्का, त्या पोरीने याहून जास्त काय बोलावं?

अजून वेळ आहे. तू दिरांशी बोल. तुझ्या उत्तराची वाट पाहतो आणि तुझी समजूत पूर्वीसारखीच मोठी असेल असं धरून चालतो.

तुझा,
शमुवेल

दौंड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शमुवेल यास,
अ. आ. वि. वि.

मेले का, असं मी लिहिलं होतं. त्यावर तू काहीच लिहिलं नाहीस. सभ्यपणाने सोडून दिलंस.

माझी नववीची सहामाही चालू होती. भूगोलाचा पेपर राहिला होता. बाबांनी स्वतः हाक वाचली, स्वतःच्या पोरीची, आणि दर रविवारी ते दहा आकडे मोजत असतील तेव्हा मी खाली बघून बसायची. वाटायचं, कोणीतरी खोकेल. तू पहिल्या सतरंजीवर होतास, आठ वर्षांचा, नव्या कपड्यांच्या नादात. त्यानंतर चाळीस वर्षांत, आक्का तुझं कसं चाललंय, असं कोणी विचारलं नाही. गुडघ्याचं विचारतात, पिठाचं विचारतात. तू पण तेच विचारतोस.

आता ही पोर सुटावी असं मला वाटतं का, हे मला विचारू नकोस. मला या घरात राहायचं आहे. दिरांशी मी बोलणार नाही. स्थळ मी काढलं, शब्द मी दिला. तू हरकत घेतलीस तर दौंडला तुला कोणी बहीण आहे हे विसरून जा.

देव तुला बुद्धी देवो. कोणती, ते मी लिहीत नाही.

कृपाबाई

मिशनमळा
२१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. कृपाआक्का हिस,
शमुवेलचा सलाम. तू वाचशील की नाही ठाऊक नाही, तरी वि. वि.

लग्न थांबलं हे तिकडे कळलंच असेल. मंगळवारी अधिकारी बाई आणि दोन पोलीस आले. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं ख्रिस्तोफरकडून लिहून घेतलं. तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, तुमची इवा असती तर पोलीस आणले असते का, शमुवेलदादा? आज सकाळी ब्लेसी पेपरला गेली. गिरणीवरूनच गेली, पण तिने इकडे पाहिलं नाही. बाप घरात बोलत नाही, मंडळी तिच्याकडे टक लावून बघते, त्यात तिने माझ्याकडे हसून बघावं असं मी कशाला मागू?

आता सगळ्यांना वाचा फुटली आहे. सोजरबाई म्हणतात, आम्हाला ठाऊकच होतं, आम्ही सांगणारच होतो. सांगणारे एवढे होते तर! दोन घरांनी दळण न्हावऱ्याला न्यायला सुरुवात केली आहे. कमिटीने काल रजिस्टर आणि चर्चची किल्ली मागून घेतली. मी सही करून दिली.

तुझं पत्र मला पंधरा तारखेला मिळालं. ते खिशात घालूनच रविवारी चर्चला गेलो. तिसरी हाक मी वाचली नाही, कागद पाळकसाहेबांना परत दिला. त्यांनी वाचली. मी उभा राहिलो आणि मुलीचं वय पंधरा आहे, रजिस्टर माझ्या हातात आहे, असं म्हणालो. पाळकसाहेब गोंधळले, भक्तीनंतर बोलू म्हणाले. तेवढ्यात मागून कोणीतरी गीत सुरू केलं आणि सगळे उभे राहून गायला लागले. मी उभाच होतो, त्यामुळे मीही गातो आहे असं दिसलं असेल. बाहेर आल्यावर माणसांनी हात मिळवले, सलाम, सलाम केलं. एकाने उद्या गिरणी किती वाजता उघडणार ते विचारलं. पाळकसाहेबांना पुढच्या गावी भक्तीला जायचं होतं. ते म्हणाले, कार्डावर अठरा आहे, मी काय करू?

म्हणून सोमवारी गिरणी बंद ठेवली, रजिस्टर पिशवीत घातलं आणि शिरूरची एसटी धरली. तिथल्या बालविकास कार्यालयातल्या बाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, पान पाहून सगळं लिहून घेतलं. तक्रार देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येतं, ठेवायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नको, लिहा. मग त्यांनी विचारलं, हे स्थळ जुळवलं कोणी? तेही लिहावं लागतं, म्हणाल्या.

मी बराच वेळ गप्प बसलो. बाई घाई करत नव्हत्या. गप्प बसायचं कसं, हे आपल्या घराण्याला चांगलं येतं, आक्का. मला ते फार सोपं जात होतं.

मग मी तुझं नाव सांगितलं. दौंडचा पत्ताही दिला. तुला बोलावणं येईल.

तुझं कसं चाललं आहे, हे यापुढे मी कोणत्या तोंडाने विचारू? लोभ मागायला मला जागा उरली नाही, तरी मागतो.

शमुवेल