पुस्तकाला हळदकुंकू

मंगळवार संध्याकाळ, नाशिकरोड

पुस्तक काय देव आहे का, हळदकुंकू वाहायला? माझ्या सख्ख्या भावानं, नांदगावच्या सुनीलनं, यांचं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलंय. वर जास्वंदीचं फूल. आज फोटो पाठवला, खाली लिहिलं, "दाजी, रोज पूजा करतो."

यांनी फोटो पाहिला आणि फोन उलटा ठेवला. जेवले नाहीत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळ्या करत आयुष्यभर कविता वाचल्या, रिटायर झाल्यावर त्या कवितांवर लेख लिहिले. आता पुस्तक निघालं तर कोणी म्हणतं कागद लई भारी, कोणी म्हणतं कव्हर झकास. लेखाबद्दल एक शब्द नाही. शेजारच्या मास्तरांना विचारलं तर म्हणे, "वहिनी, जपून ठेवलंय." जपायला ते काय लोणचं आहे?

मी तरी कुठं मोठी वाचणारी. चौथी पास. बोट ठेवून एक लेख संपवला, अर्धा डोक्यावरून गेला. सांगितलं तर म्हणाले, "राहू दे, तू कशाला त्रास घेतेस." मग कोणी घ्यायचा?

ते फूल डोळ्यापुढून हलत नाही. जित्या माणसाच्या फोटोला हार घातल्यासारखं वाटलं. मघाशी म्हणाले, आता पुन्हा लिहिणार नाही. भांडून म्हणाले असते तर बरं होतं. हळूच म्हणाले.

मग मीच सुनीलला फोन लावला.

"ताई, काही चुकलं का?"

"पुस्तक खाली उतरव आणि वाच. नाही आवडलं तर शिव्या घाल. पण रविवारपर्यंत दाजींना फोन करून सांग, कुठला लेख वाचलास आणि काय वाटलं."