गळतीखालचा डोह

७ एप्रिल

अखेर गळती बंद! धरणाच्या तळातून आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात येणारी मोठी लाइन, तिचा व्हॉल्व्ह — तीन वर्षं पाणी पायऱ्यांवरून मागच्या ओढ्यात वाहत होतं. भाऊजी पाना खांद्यावर टाकून आले. "झालं समाधान, वहिनी? आता माझं डोकं खायला नवीन काहीतरी शोधा."

शोधायला कशाला हवं? पंपाचा आवाज आहेच, म्हटलं.

ते फोरमन, मी प्रयोगशाळेची प्रमुख. घरी मी थोरली भावजय. दोन्हीकडे माझं ऐकत नाहीत.

८ एप्रिल

टेकडीवरच्या वस्तीतली शिवणकाम करणारी बाई फाटकाशी थांबली होती. "बाई, आता आमच्या नळाला पाणी चढतं. सासूबाईंच्या बादल्या सुटल्या." आभार मानले की मला काय बोलावं सुचत नाही. नळाला फडकं बांधा, गाळ येईल, एवढंच म्हणाले.

११ एप्रिल

पुतणी, भाऊजींची लेक, सुट्टीला आली. येताना कपडे कमी, जाळी आणि मीटर जास्त. ती ज्याचा अभ्यास करते तो पट्टेरी मासा आमच्या केंद्रामागच्या डोहातच राहतो. ओढ्यात वर नाही, खाली नाही.

"काकू, ओढा तोच, दगड तेच. मग इथेच का?"

मासा पत्ता बघून घर करत नाही, म्हटलं. पाणी किती गार, त्यात प्राणवायू किती, तळाशी काय — यातलं एक जरी कमी पडलं, की तिथे त्याची हद्द संपली.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे वहिनींसारखाच. सगळं मनासारखं पाहिजे."

१५ एप्रिल

हिवाळ्यात आणि गेल्या उन्हाळ्यातही बावीस अंशांवर असलेला डोह आज सत्तावीसवर. ऊन वाढलंय, म्हटलं. "ऊन गेल्या वर्षी नव्हतं?" पोरगी उलट बोलते. बरोबर बोलते.

१६ एप्रिल

मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. दोन मेले. पुतणीने ते तळहातावर घेतले आणि बराच वेळ खाली ठेवले नाहीत.

वरच्या अंगाला लाँड्री आहे. तडक गेले, त्या माणसाला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, महिनाभर बॉयलर बंद आहे. ओढ्यात काय सोडणार, घाम?"

पाणी तपासलं. साबणाचा मागमूस नाही. उगाच बोलले त्याला.

१८ एप्रिल

मीटर घ्यायला मागच्या पायऱ्या उतरत होते. पायाखाली शेवाळ कुरकुरलं. पूर्वी तिथे जपून चालावं लागायचं, इतकं निसरडं. मी तिथेच बसले.

धरणाच्या तळाचं पाणी गार, पण कोंडलेलं. त्यात प्राणवायू नावालाच. पायऱ्यांवरून आपटत, फुटत खाली जायचं तेव्हा तो मिळायचा. गारवा धरणाचा, श्वास पायऱ्यांचा. बाकीचा ओढा तापला, तसा मासा या एका डोहाशी येऊन टिकला. आमच्या गळतीवर!

आणि ती मी बंद करवली.

पुतणीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग परत उघडू या ना, काकू."

१९ एप्रिल

हवा सोडायचा छोटा पंप डोहात लावला. प्राणवायू थोडा चढला. पाणी तापायचं ते तापतंच आहे. दुसरीकडे न्यायचे तर कुठे? पुतणीने आसपासचे सगळे ओढे मोजले आहेत, सगळे तापलेले.

जेवताना व्हॉल्व्ह सैल करायचा विषय काढला. भाऊजींनी घास ताटात ठेवला. "मासे गारव्यात राहणार आणि माणसं टेकडीवर बादल्या वाहणार? थेंब वाया घालवणं म्हणजे चोरी, हे कोणाचं वाक्य, वहिनी?"

माझं.

"पण बाबा, त्यांना दुसरी जागाच नाही."

"टेकडीवाल्यांना आहे?"

पुतणी अर्ध्या जेवणावरून उठली. दोघांचंही खरं. मी भांडी जोरात घासली.

२० एप्रिल

एकोणतीस. आणखी सात मेले. उरलेले पंपाच्या बुडबुड्यांभोवती दाटीवाटीने. आजचा दिवस काढतील, उद्याचा नाही.

सकाळी मीच व्हॉल्व्ह सैल करणार. चोरी तर चोरी. पुतणीला सांगणार नाही, तिला यात ओढायचं नाही. भाऊजींना तर नाहीच.

२१ एप्रिल

गेले, तर पायऱ्या ओल्या. व्हॉल्व्हमधून बोटभर धार. खाली भाऊजींचा पाना पडलेला, विसरलेला. तो उचलून पिशवीत टाकला आणि वर आले.

फाटकाशी टेकडीवरची बाई उभी होती. "बाई, आज पाणी पुन्हा चढलं नाही. कुठे गळती आहे का?"

बघते, म्हटलं.